ओवीचं खो-खो बंद करू नकोस

सांगली,
रविवार

चि. स्नेहल,
अनेक आशीर्वाद.

डाव्या मनगटाला प्लास्टर आहे, उजवा हात मोकळा आहे, म्हणून लिहायला बसले. परवा फोनवर तू म्हणालीस, "आई, आठवीपासून ओवीचं खो-खो बंद करतोय. क्लासच्या वेळा जमत नाहीत." मी "बरं" म्हणाले आणि फोन ठेवला. ते "बरं" मला रात्रभर टोचत राहिलं.

तुला मी "पाय घसरला" एवढंच सांगितलं होतं. पुढचं सांगते. वऱ्हांड्याच्या शेवटच्या पायरीवरून पाय सरकला, मी हात टेकवला आणि मनगट मोडलं. एवढ्याशा पडण्यानं हाड मोडायला नको होतं, म्हणून डॉक्टरांनी हाडांची घनता मोजून घेतली. तरुण, निरोगी बाईच्या हाडांच्या तुलनेत आकडा आला उणे 2.7. उणे 2.5 किंवा त्याखाली गेलं की हाडं ठिसूळ झाली असं धरतात.

पाळी गेल्यावर बाईची हाडं झपाट्यानं झिजतात, हे मी वर्गात इतकी वर्षं शिकवत आले. पण मुळात साठवण किती होती, हेही झिजेइतकंच महत्त्वाचं, आणि ती साठवण तिशीच्या आत करायची असते. तीही दरवर्षी सारखी होत नाही. मुलीची उंची भराभर वाढते त्या सुमाराच्या दोन वर्षांत, म्हणजे बारा ते चौदाच्या आसपास, मोठेपणीच्या हाडांतल्या खनिजांपैकी जवळजवळ पाव हिस्सा जमा होतो. दोन वर्षांत पाव हिस्सा, स्नेहल! ओवीला ऑगस्टमध्ये तेरा पूर्ण होतील.

दूध, नाचणी, तीळ हे तू तिला देतेसच. पण हाडाला दणकाही लागतो. उडी मारली, पळता पळता गचकन थांबून वळलं, की हाडावर ताण येतो आणि ते तिथं भक्कम होतं. फिनलंडमधल्या संशोधकांनी 1995 साली टेनिस आणि स्क्वॉश खेळणाऱ्या बायकांचे दोन्ही हात तपासले होते. रॅकेटचा हात दुसऱ्यापेक्षा भक्कम असणारच. पण ज्यांनी पाळी येण्याच्या आधी किंवा त्या सुमारास खेळायला सुरुवात केली होती, त्यांच्यात दोन हातांमधला फरक उशिरा सुरू केलेल्यांच्या दुप्पट ते चौपट होता. हे वाचलं तेव्हा मी पुस्तक मिटून बसून राहिले. मला माझं आठवीचं वर्ष आठवलं.

ते 1976 साल. मिरजेच्या शाळेत आमचा मुलींचा संघ होता. मुरमाचं मैदान, फक्कीनं आखलेल्या रेषा, संध्याकाळी पाचला शिट्टी. मी पहिल्या तुकडीत पळायचे. पाळी आली त्या महिन्यात तुझ्या आजीनं सांगितलं, "आता पुरे झालं हुंदडणं." तिचाही दोष नाही, तिलाही तिच्या आईनं असंच सांगितलं असणार. शाळेतही कुणी विचारलं नाही की ही मुलगी यायची का थांबली. मी पाचला घरी येऊन भाकरी थापायला बसायचे आणि मैदानावरचा "खो" घरापर्यंत ऐकू यायचा.

मला या पत्रात खरं कबूल करायचंय ते पुढं आहे. तू नववीत होतीस, बॅडमिंटन चांगलं खेळायचीस. नववी संपून सुट्टी लागताच दहावीचा क्लास सुरू झाला आणि मी तुझी रॅकेट पिशवीत घालून माळ्यावर टाकली. "एक वर्षाचा तर प्रश्न आहे," असं म्हणाले होते. मग बारावी आली, मग इंजिनिअरिंग, नोकरी, लग्न, ओवी, अर्णव. ते एक वर्ष संपलंच नाही. तुझे नव्वद टक्के मी पेढे वाटून सांगितले. त्या वर्षी तुझी झोप उडाली होती, डोकं दुखायचं, ते मात्र मी "अभ्यासाचा ताण, जाईल" म्हणून सोडून दिलं. त्याबद्दल मला माफ कर.

आणि शाळेतही मी हेच केलं. अभ्यासक्रम पुरा व्हायचा नाही, म्हणून खेळाचा तास मागून घ्यायचे. मैदानाकडे निघालेली रांग मी "आत बसा, प्रकाशाचं परावर्तन राहिलंय" म्हणून माघारी फिरवली आहे. एकदा नाही, दर वर्षी. ती तोंडं मला आता दिसतात.

जागतिक आरोग्य संघटना सांगते की 5 ते 17 वयाच्या मुलांना रोज सरासरी 60 मिनिटं दम लागेल अशी हालचाल हवी, आणि आठवड्यातून निदान तीन दिवस हाडं-स्नायूंना जोर देणारी. 2016 च्या त्यांच्या आकडेवारीनुसार जगातल्या 11 ते 17 वयाच्या 85 टक्के मुलींची एवढी हालचाल होत नाही. मुलग्यांमध्येही हे प्रमाण 78 टक्के आहे. ओवी आज उरलेल्या पंधरांत आहे. तिला तिथून आपणच उठवायचं?

तू म्हणशील, व्यायाम हवा तर सकाळी सूर्यनमस्कार घालेल. जरूर घालू दे. पण नमस्कारात समोर कुणी हुलकावणी देत नाही. खो-खोत आठ जणी एकीआड एक उलट तोंड करून बसलेल्या, नववी मारायला पळते. तिला मधली रेषा ओलांडता येत नाही, एकदा दिशा धरली की मध्येच मागे फिरता येत नाही. पळणारी मात्र वाटेल तिकडं वळते. म्हणजे मारणारीला क्षणात ठरवावं लागतं, मी गाठू शकते की खो देऊ, आणि दिला तर कुणाला. बसलेलीचे कान पाठीला लागलेले असतात. पाठीवर थाप आणि "खो" एकदमच येतो, आणि त्याच क्षणी तिला उठून पळायचं असतं. एवढं भान, एवढी चपळाई, आणि आपल्याआधी दुसरीला संधी द्यायची ही सवय, कुठल्या क्लासात मिळते?

मागच्या दिवाळीत मी तिच्याबरोबर सरावाला गेले होते ना, तेव्हा तिला खांबावर सूर मारताना पाहिलं. माझ्या पोटात गोळा आला. ती मातीत पडली, अंग सोडून लोळली आणि उठून केस मागं सारत हसली. मी पायरीवरून पडले तेव्हा लाकडासारखी ताठ होते. पडावं कसं हे शरीराला ठाऊकच नव्हतं, कारण चौदाव्या वर्षानंतर मी कधी धावलेच नव्हते.

आणि तो आंतरशालेय सामना आठव. पहिल्याच डावात ती वीस सेकंदांत बाद झाली. डोळे पुसत बाहेर बसली, पाणी प्यायली, आणि दुसऱ्या डावात दोन मिनिटं टिकली. गणिताच्या पेपरात एक उदाहरण अडलं की ही मुलगी सगळा पेपरच सोडून देते, असं तूच सांगतेस ना? मग बाद होऊन पुन्हा उभं राहायची तिची जी एक जागा आहे, ती काढून घेऊ नकोस.

19 जानेवारी 2025 ला दिल्लीत पहिल्या खो-खो विश्वचषकाची फायनल होती. आपल्या मुलींनी नेपाळला हरवलं, कर्णधार आपल्या महाराष्ट्राची प्रियंका इंगळे. ओवीनं तेव्हा मला व्हिडिओ कॉल केला होता आणि फोन टीव्हीसमोर धरून ठेवला होता. या खेळाचे नियम पुण्याच्या डेक्कन जिमखान्यानं 1914 साली बांधले. तुम्ही राहता तिथून ते ठिकाण अर्ध्या तासावर आहे. तिला एकदा घेऊन जा.

अर्णवचंही एक सांगून ठेवते. तो सहा वर्षांचा आहे आणि अजून चष्मा नाही, म्हणून आत्ताच. चीनमधल्या ग्वांगझूत पहिलीच्या मुलांना शाळेत रोज 40 मिनिटं जास्त बाहेर सोडलं. तीन वर्षांत त्यांच्यातल्या सुमारे 30 टक्के मुलांना लांबचं दिसेनासं झालं, बाकीच्या शाळांत सुमारे 40 टक्के मुलांना. डोळ्याचा गोल लांबट झाला की लांबचं धूसर होतं, आणि उघड्यावरच्या भरपूर उजेडानं ते लांबट होणं मंदावतं, असं मानतात. त्याला खाली सोड. सोसायटीतली मुलं डब्बा ऐसपैस खेळत नसतील, तर तू शिकव. तुला येतो.

आता तुझ्याबद्दल. अडतीस वर्षांची आहेस, कंबर धरते म्हणतेस, जिमची फी भरून महिन्यातून चारदा जातेस. कोपनहेगनमध्ये साडेआठ हजार लोकांची पंचवीस वर्षं नोंद ठेवली होती, ती 2018 मध्ये छापून आली. बैठ्या लोकांपेक्षा जिममध्ये व्यायाम करणाऱ्यांचं आयुर्मान 1.5 वर्षांनी जास्त निघालं, जॉगिंग करणाऱ्यांचं 3.2, बॅडमिंटनवाल्यांचं 6.2 आणि टेनिसवाल्यांचं 9.7. टेनिस परवडणारी माणसं मुळातच सुखवस्तू असणार, त्यामुळं सगळं श्रेय खेळाला देऊ नये. पण वर आहेत ते सगळे दुसऱ्याबरोबर खेळायचे खेळ आहेत, आणि मला ते पटतं. समोर कुणीतरी वाट बघत असलं की माणूस जातो. ट्रेडमिल कुणाची वाट बघत नाही.

आमच्या बागेत संध्याकाळी सात-आठ जणी रिंग खेळतात. सगळ्या साठीच्या पुढच्या. मी रोज कठड्यावर बसून बघायचे. प्लास्टर निघाल्यावर डॉक्टरांना विचारून मीही उभी राहणार आहे. रिंग एका हातानंच झेलतात. फुगडी मात्र आता नाही, ते त्यांनी आधीच बजावलंय.

तुझी रॅकेट शेजारच्यांच्या मुलाकडून माळ्यावरून काढून घेतली. दोन तारा तुटल्यात आणि मुठीचं कापड चिकट झालंय. पुढच्या आठवड्यात तो पुण्याला येतोय, त्याच्याबरोबर पाठवते.

ओवीच्या क्लासची सातची बॅच मिळते का, विचारून कळव. पाच ते साडेसहा मैदान, मग घरी येऊन दोन घास, मग क्लास. ती बॅच घरापासून लांब असेल तर रिक्षाचे पैसे मी देईन. सातची नसलीच, तर विज्ञान आणि गणित रात्री नऊला फोनवर मी घेते. एकच हात चालतोय, पण पाटी धरायला तेवढा पुरतो.

जावईबापूंना नमस्कार सांग. मुलांना गोड पापा.

तुझी,
आई