गच्चीवर टाक्या चढवण्याआधी खालचे खांब तपासावेत

प्रति,
मा. अध्यक्ष, गृहनिर्माण सोसायटी, औसा रोड, लातूर

विषय : गच्चीवरील नियोजित पाण्याच्या टाक्या व स्ट्रक्चरल ऑडिट (इमारतीच्या मजबुतीची तपासणी)

आदरणीय अध्यक्ष साहेब, स. न.

गच्चीवर ५,००० लिटरच्या ४ नव्या टाक्या बसवायचं कमिटीने ठरवल्याचं कळलं. पाणी साठवण्याला माझा विरोध नाही. २०१६ साली मिरजेहून रेल्वेने पाणी आणावं लागलेल्या गावात तो कोण करेल? हरकत आहे ती जागेला. २०,००० लिटर म्हणजे २० टन, आणि तेही अगदी माथ्यावर.

भूकंपात इमारतीवर येणारा जोर तिच्या वजनाच्या प्रमाणात असतो, आणि वजन जितकं उंच तितका तो खालच्या खांबांना जड जातो. ३० सप्टेंबर १९९३ च्या पहाटे किल्लारीत हेच झालं. भूकंप ६.२ रिश्टरच्या आसपासचा, म्हणजे जगाच्या हिशेबात मध्यमच. पण दगड-मातीच्या जाड भिंती, त्यांवर माळवद म्हणजे लाकूड-मातीचं सपाट छप्पर, आणि गळू नये म्हणून त्यावर वर्षानुवर्षं चढवलेले मातीचे थर. ते सगळं झोपलेल्या माणसांवर आलं. तोवर भूकंपाच्या नकाशात हा भाग सर्वांत सुरक्षित पट्ट्यात होता! २००२ साली तो पट्टाच रद्द झाला आणि आपण मध्यम धोक्याच्या झोन ३ मध्ये आलो.

आपली इमारत सिमेंट-काँक्रीटची आहे, म्हणून निश्चिंत राहता येत नाही. २६ जानेवारी २००१ ला भूजजवळ जमीन हलली आणि २०० किलोमीटरहून लांब असलेल्या अहमदाबादेत बहुमजली इमारती पडल्या. त्यांतल्या बऱ्याच आपल्यासारख्याच होत्या, म्हणजे खाली मोकळं पार्किंग आणि वर विटांच्या भिंतींनी भरलेले मजले. वरचा भाग ताठ राहतो, सगळी हालचाल पार्किंगच्या खांबांना सोसावी लागते. त्यानंतर भूकंपरोधक बांधकामाच्या २००२ च्या संहितेत अशा खांबांसाठी अडीचपट जोर धरून डिझाइन करायची तरतूद आली. आपली इमारत १९९९ ची.

आपल्याकडे आणखी एक भानगड आहे. मीटर रूम आणि वॉचमनची खोली दोन्ही पूर्वेलाच. एका बाजूला भिंती, दुसरीकडे नुसते खांब असले की इमारत हलताना पिळवटते. त्यात बी विंगच्या कोपऱ्यातल्या खांबाला मागच्या वर्षी पाइपसाठी छिन्नी लावलीय, आतली रिंग उघडी पडून गंजलीय. ती रिंगच उभ्या सळया आणि आतलं काँक्रीट धरून ठेवते. प्लंबरला कोणी अडवलं नाही, याचं नवल वाटतं.

उपाय आवाक्याबाहेरचे नाहीत. खांबांना जॅकेटिंग, म्हणजे भोवती नव्या सळया-काँक्रीटचं आवरण, करता येतं, पार्किंगमध्ये दोन्ही दिशांना, समतोल साधून काही भिंती घालता येतात. गाड्यांची जागा थोडी जाईल, कुरबुरी होतील. मात्र कुठे काय घालायचं हे स्ट्रक्चरल इंजिनिअरनेच ठरवावं, ठेकेदाराने नव्हे. १५ ते ३० वर्षांच्या इमारतीचं दर ५ वर्षांनी ऑडिट करायला सोसायट्यांचे आदर्श उपविधीही (नमुना नियम) सांगतात; आपलं एकदाही झालेलं नाही.

तेव्हा टाक्यांचा इसार दिला नसेल तर थांबवावा आणि साठवण जमिनीखालच्या टाकीत वाढवता येईल का ते पाहावं. रंगकामाचा निधी आधी ऑडिटला वापरण्याचा विषय येत्या सभेच्या अजेंड्यावर घ्यावा, ही विनंती. ऑडिटच्या दिवशी इंजिनिअरसोबत फिरायला मी तयार आहे.

आपला विश्वासू,
बी विंग, तिसरा मजला