आरएक्स १०० च्या पोटातली १३५ : कराडच्या काकांना पत्र

आदरणीय काका,

सा. न.

तुम्ही मोबाइल फक्त फोन उचलण्यापुरता वापरता, त्यामुळे हे तुमच्या नातीने वाचून दाखवलं तरच तुमच्यापर्यंत पोचेल. तरीही चारचौघांत लिहितोय. मामांच्या यामाहा आरएक्स १०० मोटरसायकलच्या इंजिनाचा तुम्ही जसा माग काढलात, ते जुनी गाडी पुन्हा उभी करायला निघालेल्या प्रत्येकाच्या कानावर पडायला हवं.

गाडी तुमच्याकडे आणली तेव्हा टाकीचा रंग झाला होता, मडगार्डं क्रोमहून आली होती, आणि इंजिनाबद्दल पुण्यात प्रत्येकाचं वेगळं मत होतं. कुणी म्हणे पोर्टिंग केलंय, म्हणजे इंजिनातली वायूची भोकं घासून मोठी केलीत, म्हणून आवाज जाड येतो. कुणी म्हणे आधीच्या हौशी माणसाने गिअर किट बसवलंय. एका मेकॅनिकने प्लगच्या भोकातून सळई सोडून स्ट्रोक, म्हणजे पिस्टनची वर-खाली धाव, मोजला. तो बरोबर ५० मिलिमीटर भरला आणि त्याने इंजिन ओरिजिनल शंभरचं ठरवून टाकलं. हिशोब वरवर ठीकच होता, कारण आरएक्स १०० चा बोअर, म्हणजे सिलिंडरचा आतला व्यास, ५० आणि स्ट्रोकही ५०.

तुम्ही गाडीला किकसुद्धा मारली नाहीत. पहिल्यांदाच असं कुणी पाहिलं. बाकी सगळे आधी किक मारायचे, अॅक्सिलेटर पिळायचे आणि मग "आहा!" म्हणायचे. तुम्ही गाडी मेन स्टँडवर घेतली, मागचं चाक हाताने फिरवत एकेक गिअर टाकलात, आणि पाचवा पडल्यावर माझ्याकडे बघितलंत. "शंभरला चारच असत्यात. ह्यो पाचवा कुठनं आला?" यामाहाचीच मोठी बहीण आरएक्स १३५ आधी चार गिअरमध्ये निघाली, पाच गिअरची नंतरची, हे तुम्हीच सांगितलंत. मामांच्या आरसी बुकावर साल १९८९ आहे. तेव्हा १३५ बाजारात नव्हतीच.

मी सळईची गोष्ट सांगितली तर तुम्ही हसलात. १३५ चा स्ट्रोकही ५० च आहे. फरक सगळा बोअरमध्ये, तिथे ५८. म्हणजे सळई घालून या दोन इंजिनांत फरक करताच येत नाही. पुण्यात हे एकालाही सुचलं नव्हतं.

मग हेड, म्हणजे इंजिनाचं वरचं झाकण, काढलंत, पिस्टन खाली घेतलात आणि चिंधीने ब्लॉक, म्हणजे सिलिंडर, आतून पुसलात. व्हर्नियर, म्हणजे बारीक मापाची पट्टी, कुठे लावायचा तेही दाखवलंत: अगदी वरच्या काठाला, जिथवर रिंगा पोचत नाहीत, कारण तिथे झीज नसते आणि मूळ माप मिळतं. ५८ च्या किंचित वर. तुम्ही फरशीवर खडूने गुणाकार मांडलात. ५० च्या बोअरला ९८ सीसी, ५८ च्या बोअरला १३२. मी विचारलं की शंभरचाच ब्लॉक बोअर मारून मोठा केला असेल तर? ओव्हरसाइज पिस्टन पाव-पाव मिलिमीटरने वाढत फार तर एक मिलिमीटरपर्यंत जातात, तुम्ही म्हणालात, पन्नासचा एक्कावन्न होईल, अठ्ठावन्न कसा होईल?

इथे बहुतेक जण थांबले असते. १३५ चा ब्लॉक चढवलाय, विषय संपला. तुम्ही मात्र ब्लॉकही उचललात, कारण तुमचा प्रश्न वेगळा होता: वरचा भाग बदललाय की अख्खं इंजिन? शंभरच्या चेंबरचं, म्हणजे ब्लॉकखालच्या इंजिनाच्या पेटीचं, तोंड लहान असतं. त्यात १३५ चा ब्लॉक बसवायचा तर तोंड लेथवर मोठं करावं लागतं, आणि टूलच्या खुणा लपत नाहीत. तुम्ही टॉर्च मारून कडेकडेने बोट फिरवलंत. कंपनीची मूळ कड जशीच्या तशी होती, एकही ओरखडा नाही. म्हणजे चेंबरच १३५ चं.

नंबर तुम्ही शेवटी पाहिलात, आणि ते मला सगळ्यात आवडलं. इंजिनावर चंदेरी रंगाचे एवढे थर होते की आकडे बुजून गेले होते. मी वायर ब्रश उचलला तर तुम्ही हातातून काढून घेतलात. नंबरावर घासल्याची खूण उमटली की उद्या आरटीओ म्हणणार, हा नंबर पाडलाय. मग खरं असूनही कुणी ऐकणार नाही. थिनरमध्ये कापूस भिजवून तुम्ही शांतपणे रंग सोडवत बसलात. चासीचा नंबर आरसीशी जुळला. इंजिनाचा नाही. आरसीवर सुरुवातीला शंभरचा ओळखीचा १एल१ आहे, चेंबरवर तो नव्हता.

घरी फोन केला तेव्हा मामा म्हणाले, "तरीच! आमच्या धाकट्याने दुरुस्तीला म्हणून शहरात नेली, आणि परत आली तेव्हा माझ्या पायाला ती ओळखू येईना." मामा तेव्हापासून गाडीवर बसले नव्हते. घरात सगळ्यांना वाटायचं, वय झालं.

काका, तुम्ही तेव्हाच ब्लॉक बसवून, रिंगा बदलून, गाडी पळवून दिली असती तरी मी खूश होऊन गेलो असतो. पैसेही आनंदाने दिले असते. १३५ चं इंजिन काही वाईट नाही, ताकदीला शंभरपेक्षा सरसच. पण तुम्ही आधी ते काय आहे ते सांगितलंत आणि मग विचारलंत, "आता तुला काय करायचंय?" आणि दोन्ही वाटांचा खर्च-त्रास सांगितलात. हेच ठेवायचं तर मोटार वाहन कायदा १९८८ चं कलम ५२ आहे, आरटीओची परवानगी घेऊन आरसीवर नोंद करून घ्यायची, आणि हे इंजिन मूळ कुठल्या गाडीचं ते आधी तपासायचं. शंभरचंच हवं तर ज्याच्याकडून घ्यायचं त्याच्याकडे त्या इंजिनाचे कागद असले पाहिजेत. भंगारातून बिनकागदाचं चेंबर उचलायचं नाही. हे तुम्ही दोनदा बजावलंत. आरएक्सचे भाव चढल्यापासून किती जण हे सांगतात?

आम्ही शंभरची वाट धरली आहे. सांगलीकडे एका घरात अपघातात चासी वाकलेली गाडी निघाली, कागदपत्रांसकट. तिचं इंजिन पाहून ठेवलंय. चारच गिअर आहेत, मी मागचं चाक फिरवून मोजले. हेड उघडायला मालक तयार आहेत, पण ते तुम्ही असल्याशिवाय उघडायचं नाही असं मामांनी सांगितलंय. व्हर्नियर घेऊन कधी येता ते कळवा, गाडी घेऊन न्यायला येतो.

तुमचा,
मामांचा भाचा