मोठ्या मुलांबरोबर समुद्रकाठी: मित्रास पत्र

टिळकवाडी, बेळगाव
कोजागिरीनंतरचा रविवार

प्रिय मित्रा,
सप्रेम नमस्कार.

निपाणीहून आलेले तुझे पत्र मिळाले. मुले मोठी झाली की समुद्रकाठच्या महागड्या रिसॉर्टवर जाण्यात काही अर्थ उरतो का, असे तू विचारले आहेस. दसऱ्याच्या सुट्टीत आम्ही चार दिवस दक्षिण गोव्यात मोबोरला राहून आलो, म्हणून सविस्तर लिहितो.

खानापूर, लोंढा, अनमोड घाट, मोले असा आपला नेहमीचा रस्ता धरला. थोरली आता पीयूसीच्या पहिल्या वर्षाला, म्हणजे अकरावीला आहे आणि धाकटा तेरा वर्षांचा. दोघेही वाटभर कानांत इअरफोन घालून बसले होते, आणि एवढा खर्च करून चौघे चार दिशांना तोंडे करून बसणार की काय, अशी धास्ती मला घाटातच वाटू लागली होती.

पोहोचताच एक अडचण आली, ती तुझ्या उपयोगाची आहे म्हणून सांगतो. बुकिंग करताना आम्ही ‘दोन मोठी, दोन मुले’ एवढेच सांगितले होते. तेथे मात्र बारा वर्षांवरील प्रत्येकाला प्रौढ धरतात, त्यामुळे धाकट्याचीही पूर्ण आकारणी झाली. त्यातच खोलीचे दिवसाचे भाडे साडेसात हजार रुपयांच्या वर गेले की 18 टक्के जीएसटी लागतो. तू मुलांची वये आधी लेखी कळव आणि करासह एकूण रक्कम लिहून घे. जादा पलंगाच्या भरीस मुळीच पडू नकोस. मधल्या दाराने जोडलेल्या दोन खोल्या माग. सोळा वर्षांच्या मुलीला आईवडिलांच्या पायथ्याशी पलंग टाकून झोपवणे तिलाही अवघड होते आणि आपल्यालाही.

मधले दार असणे हीच मला त्या चार दिवसांतली सर्वांत मोलाची गोष्ट वाटली. बेळगावात मुलगी शिकवणीहून यायला दहा मिनिटे उशीर झाला तरी मी फाटकाशी जाऊन उभा राहतो. तेथे आवाराला कुंपण होते, तरणतलावावर माणूस होता, आणि जेवणाची वेळ सोडून मुलांनी कोठे असावे हे आम्ही विचारायचे नाही, असे हिने पहिल्याच संध्याकाळी ठरवून टाकले. मला ते जड गेले. परंतु विचारणे थांबले तशी मुले आपणहून सांगू लागली.

धाकटा दुसऱ्या दिवशी पहाटे एकटाच किनाऱ्यावर गेला. रिसॉर्टचे आवार कितीही दिमाखदार असले तरी पुढची वाळू सर्वांचीच असते. तेथे गावचे लोक रापण, म्हणजे काठावरून दोरांनी ओढायचे मोठे जाळे, ओढत होते. हा जाऊन दोराला लागला. त्यांची कोकणी आणि आपली बेळगावची मराठी यांचे सूत जुळायला वेळ लागत नाही. जाळ्यात तारले आणि थोडे बांगडे आले होते, आणि ते सांगताना त्याचे दोन्ही तळहात लाल झालेले होते. बफेतल्या चाळीस पदार्थांबद्दल त्याने घरी आल्यावर अवाक्षर काढलेले नाही.

समुद्राचे भय मात्र मोठ्या मुलांच्या बाबतीत अधिक असते, कारण तलावात सफाईने पोहणाऱ्याला लाटांचाही भरवसा वाटतो. जीवरक्षकाने दोघांना बसवून समजावले: लाल-पिवळ्या दोन निशाणांच्या मधेच उतरायचे, नुसते लाल असेल तेथे पाय घालायचा नाही, आणि पाणी आत ओढू लागले तर किनाऱ्याकडे झटत न बसता किनाऱ्याला समांतर पोहत ओढीतून बाहेर पडायचे. मी हेच सांगितले असते तर त्यांनी ऐकून सोडून दिले असते.

तिथीच्या आकड्याची पाऊणपट केली की भरतीची वेळ ढोबळमानाने मिळते, हा जुना हिशेब मी मुलांना शिकवला. चतुर्दशीला चौदाची पाऊणपट, साडेदहाच्या सुमारास भरती, म्हणजे पावणेपाचच्या आसपास ओहोटी. पौर्णिमा जवळ आल्याने पाणीही दूरवर हटलेले. त्या घट्ट, ओल्या वाळूवरून थोरली आणि मी साळ नदीच्या मुखापर्यंत चालत गेलो. समोर बेतूलचा काठ दिसत होता. तेथे तिने सांगितले की गणिताच्या शिकवणीत तीन महिन्यांपासून तिला काहीच उमगत नाही, आणि मी भरलेल्या फीचा विचार करून ती गप्प राहिली होती. मित्रा, रोज एका ताटाशेजारी बसूनही मला हे कळले नव्हते. मी तेव्हा काही बोललो नाही, नुसता चालत राहिलो. आल्यावर ती शिकवणी बंद केली. आता आमच्या गल्लीतल्या एक निवृत्त शिक्षिका तिला शिकवतात.

तेव्हा तू जरूर जा, पण दोनच दिवसांसाठी नको. पहिला दिवस मुले खोलीतून बाहेर पडत नाहीत. नाताळात भाडे फार चढते, म्हणून जानेवारीचा उत्तरार्ध पाहा. वहिनींना सांग की स्पा आणि सहली आधीच ठरवून टाकू नका, संध्याकाळ रिकामी ठेवा. तारीख ठरली की कळव, म्हणजे तिथी पाहून ओहोटीची वेळ मी इकडून लिहून पाठवीन.

वहिनींना नमस्कार, मुलांना आशीर्वाद.

तुझा,
बेळगावचा मित्र