सोमवारी तीनच्या आत

चि. सौ. माऊस,
अनेक आशीर्वाद.

तू फोन उचलत नाहीस म्हणून बंड्याबरोबर हे पत्र पाठवतोय. झेडपीला अपक्ष अर्ज भरलास आणि छाननीत तो वैध ठरला, हे जावईबापूंकडून कळलं. अर्जाबद्दल या पत्रात काही लिहायचं नाही असं ठरवून बसलोय. आईची बीपीची गोळी वेळेवर चालू आहे. खालच्या रानातल्या उसाला अजून तोड नाही, तोडणी टोळी येणार येणार म्हणून कारखान्याचा चिटबॉय रोज सांगतो. मांडवे आत्याच्या नातीचं जमलं.

हार घालतानाच्या माझ्या त्या फोटोवरून तू बोललीस ते फार लागलं. "तुम्ही माझे वडील की त्यांचे कार्यकर्ते?" माऊ, मी दोन्ही आहे. तालुकाध्यक्षांचा निरोप आला, पक्षाच्या उमेदवाराचा, म्हणजे त्या घरच्या सूनबाईंचा, फॉर्म भरायला सगळ्यांनी यायचं, आणि मी गेलो. ती माणसं मला आवडतात म्हणून गेलो नाही. त्या घरानं आपल्याशी काय केलं ते तू नववीत असताना स्वतःच्या डोळ्यांनी पाहिलंस. पाण्याची पाळी आपल्यावरून उडवली, आडसाली ऊस उभा वाळला. तुझी आई हापशावरून कळश्या आणून परड्यातल्या मिरचीला घालायची, एकेका रोपाला तांब्यानं. मी त्यातलं काहीही विसरलेलो नाही. परवा त्यांच्या गळ्यात हार घालताना मला काय वाटलं असेल ते फोटोत दिसत नाही.

आणि तिकीट तुझंच होतं, याबद्दल माझ्या मनात तिळमात्र शंका नाही. 2022 पासून झेडपीवर प्रशासकच होता. सदस्यच नाहीत म्हटल्यावर लोकांनी जायचं कुणाकडं? ते तुझ्याकडं आले. श्रावणबाळ योजनेचे अर्ज, रेशनकार्डातली नावं, अंगणवाडीच्या गळक्या पत्र्यासाठी बीडीओच्या दारात घातलेल्या खेपा. परवा वाण्याच्या दुकानात एक म्हातारी मला विचारत होती, तुम्ही वकीलबाईंचे वडील का हो. मी हो म्हणालो आणि सामान तिथंच विसरून घरी आलो. आपला झेडपीचा गट महिलेसाठी राखीव सुटला तेव्हा आईनं पेढ्यांची ऑर्डर कुठं द्यायची तेसुद्धा ठरवलं होतं. तिकीट गेलं सूनबाईंना, ज्यांना गटातल्या गावांची नावं अजून पाठ नाहीत. हा अन्याय आहे. तालुकाध्यक्षांच्या तोंडावर मी हे बोललो, चार माणसांत बोललो. ते तुला कुणी सांगितलं नसेल.

पण अर्ज ठेवू नकोस.

लिहायचं नाही म्हणता म्हणता आलंच ते. तू सांगलीचं उदाहरण देशील. 2024 ला विशाल पाटलांना तिकीट मिळालं नाही, ते लिफाफा चिन्हावर अपक्ष लढले आणि खासदार झाले. खरं आहे. पण ते वसंतदादांचे नातू. तिकीट वरून नाकारलं गेलं, खालचा कार्यकर्ता जागचा हलला नव्हता. तुझ्यासाठी बूथवर कोण बसणार आहे, नावं घेऊन सांग. त्याच निवडणुकीत आपल्या साताऱ्यात काय झालं तेही बघ. आपल्या तुतारी चिन्हाचा उमेदवार 32 हजारांवर मतांनी पडला आणि तुतारीसारख्याच दिसणाऱ्या पिपाणी चिन्हाचा अपक्ष 37 हजार मतं घेऊन बसला. त्या रात्री तू जेवली नव्हतीस. आपल्याच घरातून तसलं काही व्हावं, हे मला सोसायचं नाही.

तू 2019 चंही बोलशील, आणि तिथं तुझा मुद्दा खरा आहे. लोकसभेला नाराजी गिळून राबलो आपण, ज्यांना निवडून दिलं ते काही महिन्यांत राजीनामा देऊन दुसऱ्या पक्षात गेले. मग पोटनिवडणूक लागली. 18 ऑक्टोबरची पवारसाहेबांची सभा. तेव्हा ओम तुझ्या पोटात होता. मी नको नको म्हणत होतो, तू ऐकलं नाहीस. पाऊस आला तशी मी छत्री धरायला लागलो तर तू ती मिटायला लावलीस, मागच्यांना दिसत नाही म्हणून. साहेब भिजत उभं राहून सांगत होते की उमेदवार निवडण्यात चूक झाली, आणि तू भिजलेल्या साडीत टाळ्या वाजवत होतीस. मला सगळी काळजी तुझ्या सर्दीची. पण पक्षाची चूक झाली म्हणून तू घरी बसली नव्हतीस, माऊ. श्रीनिवास पाटलांसाठी पुन्हा दारोदार फिरलीस. मला तीच तू आठवतेस.

तुझ्या आजोबांचं, तात्यांचं, तुला थोडंफार माहीत आहे. 9 सप्टेंबर 1942 ला वडूजच्या मोर्चावर गोळीबार झाला, परशुराम घार्गे यांच्यासह नऊ माणसं गेली. तात्या त्या मोर्चात होते. कम्युनिस्ट पक्ष त्या 'चले जाव' चळवळीपासून बाजूला राहिला, हे त्यांनी शेवटपर्यंत मनातून काढलं नाही. आणि 1957 ला संयुक्त महाराष्ट्र समितीचे साताऱ्याचे उमेदवार कोण, तर क्रांतिसिंह नाना पाटील, कम्युनिस्ट पक्षाचे. नानांबद्दल तात्यांच्या मनात पूर्ण आदर, पण पक्षाचं नाव काढलं की जेवणावरून उठायचे. मी तेव्हा पहिलीत असेन. गेरूचा डबा माझ्या हातात असायचा आणि तात्या देवळामागच्या भिंतीवर नानांचं नाव लिहायचे, अक्षर वाकडं झालं की चिडायचे. डबा धरून माझा हात कोपरापर्यंत लाल व्हायचा, आजी राखेनं घासून काढायची. नाना निवडून आले. पुढं 1960 ला महाराष्ट्र झाला. लाल झेंडा मात्र तात्यांनी आपल्या घरावर कधी लावू दिला नाही. गावात त्यांना कुणी लाचार म्हणालं नाही, आणि त्यांचं मतही कुणी बदलू शकलं नाही.

उपदेश फार झाला. तू वकील आहेस, तुझं तुला कळतं. माफ कर.

मला भीती हरण्याची नाही. निवडणुका येतात जातात. भीती आहे ती रात्री अकरानंतर ज्यांचे फोन तुला येतात त्यांची. दोन गाड्या देतो, डिझेल आमचं, पत्रकं छापून देतो, असं म्हणणारे ते कोण आहेत हे तुलाही कळतं. तू उभी राहिलीस तर मतं कुणाची कापली जाणार आणि गुलाल कुणाचा उधळणार, हे त्यांनी मोजून ठेवलंय. मोजणीच्या दुसऱ्या दिवशी त्यातला एकही फोन उचलणार नाही. मग आपलेही लोक तुझ्याशी बोलायचे नाहीत, त्यांचेही नाहीत. इतकी वर्षं माणसांत वावरलेली माझी पोर एकटी पडलेली मला बघवायची नाही. रात्री झोप लागत नाही ती त्यामुळं.

नाराजी मिटव असं मी म्हणत नाही. बैठकीत उभी राहा, सूनबाईंसमोर बोल. अंगणवाडीचे पत्रे, उपकेंद्राला नर्स, ओढ्यावरचा पूल, काय हवं ते लिहून दे आणि चारचौघांत त्यांच्याकडून वदवून घे. प्रचारात तुझ्या नावानं फिर. नंतर काम झालं नाही तर त्यांच्या दारात जाऊन जाब विचार, मी काठी टेकत का होईना तुझ्यामागं येतो. आतून माणसाला ते करता येतं.

आणि समजा ऐकलं नाहीस, तर तुझ्याविरुद्ध माझ्या तोंडून एक शब्द जाणार नाही. पण पक्षाच्या बूथवर बसायचा शब्द मी दिलाय, तो मोडता येणार नाही. मी त्या टेबलावर आणि तू समोर उभी, हे आईला कसं सांगायचं ते तूच सांग.

ओमला पापा. त्याचा खोकला थांबला का ते कळव.

तुझे,
आप्पा

ता. क. सोमवारी दुपारी तीनपर्यंतच माघार घेता येते. यायचं ठरलं तर जाताना मला गाडीत घे, मी बरोबर येतो. स्वतः जायला नको वाटत असेल तर सूचकाला लेखी अधिकार देऊन पाठव, पण ते सकाळीच दे. तिथं शेवटच्या तासात फार गर्दी होते.