निवृत्त पोलिसाच्या कपाटातले रिव्हॉल्व्हर : गृहमंत्र्यांना खुले पत्र

प्रति,
माननीय गृहमंत्री,
महाराष्ट्र राज्य

विषय : सेवानिवृत्त पोलीस अधिकाऱ्यांच्या शस्त्र परवान्याचे नूतनीकरण करताना नेमबाजीची चाचणी घेण्याबाबत

महोदय,

पोलीस निरीक्षक म्हणून मी सेवानिवृत्त झालो त्याला आता अकरा वर्षे होतील. त्या दिवशी ओळखपत्र परत केले, शस्त्रागारात सरकारी रिव्हॉल्व्हर आणि काडतुसे मोजून जमा केली, पावतीवर सही घेतली आणि घरी आलो. वर्ष उलटायच्या आत रीतसर परवाना काढून स्वतःचे .३२ बोअरचे (बोअर म्हणजे नळीच्या छिद्राचे माप) रिव्हॉल्व्हर विकत घेतले, आणि माझ्याबरोबर किंवा मागेपुढे निवृत्त झालेल्या बऱ्याच जणांनी हेच केले आहे. त्या रिव्हॉल्व्हरसंबंधी, आणि ते आमच्या हाती ठेवताना शासनाने आम्हाला जे विचारायला हवे पण विचारले जात नाही त्यासंबंधी, हे पत्र लिहीत आहे.

बाहेरच्या लोकांना आमची ही ओढ म्हणजे निव्वळ रुबाब वाटतो. काहींच्या बाबतीत तो असतोही; लग्नसमारंभात कोटाची बाजू सहज सरकल्यासारखी करून कमरेचे होल्स्टर दाखवणारे निवृत्त साहेब मीही पाहिले आहेत. परंतु ज्यांनी उपनिरीक्षकापासून नोकरी केली, त्यांच्यापैकी बहुतेकांची जवळीक निराळ्या कारणाने जडलेली असते. आमच्या उमेदीच्या काळात कमरेला असायचे ते ब्रिटिश अमदानीपासून चालत आलेल्या वेब्ली या इंग्रजी बनावटीच्या घडणीचे .३८ बोअरचे रिव्हॉल्व्हर. नळी खाली मोडली की काडतुसांची सहाही घरे एकदम डोळ्यांसमोर येत आणि भरलेले किती, रिकामे किती हे अंधारात अंगठ्यानेही कळे. एखादे काडतूस फुसके निघाले तर पुन्हा चाप ओढायचा, पुढचे घर आपोआप समोर येते. खटका अडकला, मॅगझीन (पिस्तुलाची गोळ्यांची पेटी) नीट बसले नाही, असली भानगड त्यात नाही. नंतर दलात ९ एमएम पिस्तुले आली. ती जलद आहेत आणि गोळ्याही जास्त घेतात, हे मान्य करूनसुद्धा जुन्यांचे मन त्यांच्यावर बसले नाही. हे केवळ आपल्याकडचे नाही. न्यूयॉर्कच्या पोलीस दलाने पिस्तूल स्वीकारल्यानंतरही जुन्या भरतीच्या अधिकाऱ्यांना रिव्हॉल्व्हर ठेवू दिले होते, आणि ती सवलत बंद व्हायला २०१८ साल उजाडावे लागले.

यातली गंमत अशी की जे .३८ आम्ही आयुष्यभर वागवले, ते निवृत्तीनंतर सर्वसाधारण परवान्यावर आम्हाला मिळत नाही, कारण त्या बोअरचे शस्त्र सामान्य नागरिकांसाठी खुले नाही आणि निवृत्तीच्या दुसऱ्या दिवसापासून आम्ही सामान्य नागरिक असतो. मग आम्ही कानपूरच्या कारखान्याचे .३२ घेतो. त्याची घडणही वेब्लीवरच बेतलेली असल्यामुळे नळी तशीच मोडते, आवाजही जवळपास तसाच येतो, आणि हाताला वाटते की काहीच बदललेले नाही.

पण बदललेले असते, आणि नेमकी तिथेच माझी काळजी सुरू होते. नोकरीत असताना दरवर्षी चांदमारी, म्हणजे लक्ष्यावर नेमबाजीचा सराव, होई. नेम चुकला तर सर्वांसमोर चुके आणि तिथला हवालदार वरिष्ठांची भीड न ठेवता तो वहीत नोंदवून ठेवी. निवृत्तीनंतर ती वही बंद झाली. खरेदीनंतर सुमारे सहा वर्षांनी मी एका रायफल क्लबच्या रेंजवर गेलो आणि पंधरा मीटरवरून दहा गोळ्या झाडल्या. चार लक्ष्यावर लागल्या. दोन काडतुसे उडालीच नाहीत, कारण ती मी खरेदीच्या वेळी घेतलेलीच होती, आणि उरलेल्या चार गोळ्या कुठे गेल्या हे मला सांगता येणार नाही. रस्त्यावर असतो तर त्या चार गोळ्या कोणाच्या तरी अंगात गेल्या असत्या. घरी येऊन मी पत्नीला फक्त एवढेच सांगितले की रेंजवर गर्दी होती.

त्यानंतर थोड्याच दिवसांत परवान्याचे नूतनीकरण झाले. अर्ज, वैद्यकीय प्रमाणपत्र आणि स्थानिक ठाण्याचा अहवाल एवढे कागद लागले. ठाण्यातले अधिकारी पूर्वी माझ्या हाताखाली होते. त्यांनी मला बसवले, चहा मागवला आणि ‘हरकत नाही’ असा शेरा लिहिला. शस्त्र घरात कोठे ठेवता, काडतुसे वेगळ्या कुलपात असतात का, घरात लहान मुले आहेत का, शेवटचा सराव कधी केला, यांपैकी एकही प्रश्न त्यांनी विचारला नाही. त्यांच्या जागी मी असतो तर मीही विचारला नसता, हे प्रामाणिकपणे नमूद करतो. आपल्या जुन्या साहेबांना असले प्रश्न विचारण्याची आपल्या दलात रीत नाही. शस्त्र अधिनियम, १९५९ मध्ये २०१९ साली झालेल्या दुरुस्तीने परवान्याची मुदत तीन वर्षांवरून पाच वर्षांवर गेली. तिशीतल्या माणसासाठी पाच वर्षे फार नाहीत, पण पासष्टीनंतरच्या पाच वर्षांत मोतीबिंदू होतो, हात कापू लागतो, झोप कमी होते, जोडीदार जातो, आणि घरातल्या एकांतात कपाटातले भरलेले शस्त्र माणसाला कोणत्या वाटेने नेईल याचा पंचनामा आपल्यापैकी अनेकांनी स्वतः केलेला आहे.

अमेरिकेसारख्या देशाने, जिथे शस्त्रांबाबत आपल्याहून कितीतरी सैल कायदे आहेत, निवृत्त पोलिसांना देशभर शस्त्र जवळ बाळगण्याची मुभा देणारा कायदा २००४ मध्ये केला. मात्र त्या मुभेसाठी दर बारा महिन्यांनी नेमबाजीची पात्रता चाचणी उत्तीर्ण होण्याची अट घातली, आणि चाचणीचा खर्चही त्या निवृत्ताच्याच माथी टाकला. आपल्याकडे कायदा केंद्राचा असला तरी परवान्यावर सही करणारे पोलीस आयुक्त आणि जिल्हाधिकारी राज्याचे आहेत आणि पोलिसांच्या फायरिंग रेंजही राज्याच्याच आहेत. तेव्हा नूतनीकरणासाठी येणाऱ्या प्रत्येक सेवानिवृत्त अधिकाऱ्याला, त्याचा हुद्दा कोणताही असो, रेंजवर बोलावून त्याच्याच शस्त्राने ठरावीक गोळ्या झाडायला लावाव्यात आणि तो निकाल अर्जाला जोडावा, अशी माझी विनंती आहे. जे राज्याच्या अधिकारात बसत नसेल, त्यासाठी केंद्राकडे शिफारस करावी. वर्षातून एखादा दिवस या रेंज आमच्यासारख्यांच्या सरावाला खुल्या ठेवल्या तर नापास होणाऱ्यांची संख्याही कमी राहील.

यावर आमच्यातलेच काही जण रागावतील. ‘गुंडांशी वैर घेतलेल्या माणसाची परीक्षा घेता?’ असे ते विचारतील. ज्यांच्या जिवाला खरोखर धोका आहे असे अधिकारी आहेत आणि त्यांचे शस्त्र काढून घ्यावे असे मी म्हणत नाही. पण ज्याला ते खरोखर चालवावे लागण्याची शक्यता आहे, त्याचा नेम तपासणे तर अधिकच गरजेचे आहे.

आणखी एक बाब वारसांची. शस्त्र नियम, २०१६ प्रमाणे परवानाधारकाला ७० वर्षे पूर्ण झाल्यावर आपले शस्त्र वारसाच्या नावे करण्यासाठी अर्ज करता येतो. माझ्या मुलाने आजवर एकही गोळी झाडलेली नाही, तरी ‘बाबांचे रिव्हॉल्व्हर’ म्हणून त्याला ते हवे आहे. त्याची भावना मी समजू शकतो, परंतु तेवढ्यावर परवाना मिळू नये. ज्या कुटुंबांना केवळ आठवण म्हणून शस्त्र ठेवायचे आहे, त्यांना ते आर्मररकडून, म्हणजे शस्त्रांची दुरुस्ती करणाऱ्या कारागिराकडून, कायमचे निकामी करून घेण्याची सोपी आणि सन्मानाची सोय जिल्ह्याच्या ठिकाणी असावी. तशी सोय असती, तर माझ्या ओळखीच्या दोन कुटुंबांनी वडिलांच्या मृत्यूनंतर कित्येक महिने ते शस्त्र कोणाला काही न सांगता माळ्यावर ठेवले नसते.

माझ्या परवान्याची मुदत येत्या वर्षी संपते आणि त्याच वर्षी मला ७० वर्षे पूर्ण होतात. शासनाचा आदेश तोपर्यंत निघो अथवा न निघो, मी अर्जासोबत चाचणीसाठी लेखी संमती जोडणार आहे. काडतुसांचा खर्च माझा. रेंजवरच्या हवालदाराने फक्त जुन्या वहीसारखी एक वही उघडावी आणि माझ्या नावापुढे जे दिसेल ते लिहावे.

आपला विश्वासू,
एक सेवानिवृत्त पोलीस निरीक्षक