आबा, काळ्या मेंढ्या तेवढ्या विकू नका

भांडुप, मुंबई
घटस्थापनेच्या आधीचा रविवार

ती. आबा आणि आईस,
शिरसाष्टांग नमस्कार.

काल दादाचा फोन आला होता. दिवाळीच्या आत सगळा कळप व्यापाऱ्याला द्यायचं घरात चाललंय म्हणे. आबा, हे फोनवर बोलायला गेले असते तर तुम्ही "बघू" म्हणून फोन आईच्या हातात दिला असता. म्हणून सावकाश लिहायला बसले आहे. आईला वाचून दाखवा.

कळप मोडू नका, असं मी म्हणत नाही. गुडघ्यांची ही अवस्था असताना घाट उतरून पेण-पनवेलकडं वाडा, म्हणजे मेंढरांचा फिरता तळ, नेणं आता तुम्हाला झेपणारं नाही. वाट तरी कुठं पहिली राहिलीय? जिथं भातकापणीनंतर शेतकरी आपणहून बोलवायचे, खतासाठी रानात मेंढरं बसवायचे आणि त्याचं धान्य द्यायचे, तिथं आता प्लॉटची कुंपणं पडली आहेत. पनवेलकडून येताना रात्री हायवे ओलांडणारा एखादा वाडा दिसतो तेव्हा ट्रकच्या दिव्यांत ती मेंढरं पाहून माझ्या पोटात गोळा येतो. तेव्हा तुम्ही घरी थांबणार याचा मला आनंदच आहे. नर द्या, माडग्याळ जातीची द्या, त्यांना मांसासाठी भाव चांगला आहे. माझं मागणं एवढंच: काळ्या दख्खनी मेंढ्यांतल्या दहा-बारा आणि एक मेंढा घरी ठेवा. देवनारच्या कत्तलखान्याच्या गाडीत त्या चढवू नका.

याचा हिशेब मी मांडून पाहिला आहे. एका मेंढीची वर्षाची लोकर, दोन्ही कातरण्या धरून, किलोभरही भरत नाही. बारांची मिळून सात-आठ किलो निघेल, आणि माती-कुसळं गेल्यावर त्यातही घट येईल. एवढ्यात दोन-तीन घोंगड्या होतील. यावर घर चालणार नाही, हे मला पक्कं ठाऊक आहे. घराला आधार कोकरांचा आणि लेंडीखताचा. पण लोकरीचे आज जे काहीच मिळत नाहीत, त्याऐवजी दर वर्षी आईच्या हातात तिच्या कामाचे रोख पैसे येतील. दोन वर्षं झाली, कातरणाऱ्याला पैसे द्यायचे आणि लोकर ओढ्याकडेला टाकायची, असं चाललंय. गावोगाव हेच आहे. मला ते बघवत नाही.

आमच्या मजल्यावरचे एक काका ठाण्याच्या रेमंडच्या गिरणीत होते. ती गिरणी १९२५ सालची, आता बंद आहे. मी गेल्या खेपेला आणलेली आपल्या लोकरीची पिशवी त्यांना दाखवली. त्यांनी चिमूटभर लोकर घेतली, ओढून पाहिली, बोटांवर फिरवली आणि बराच वेळ काही बोललेच नाहीत. मग समजावून सांगितलं, की सुटाच्या कापडाला लागणारा मेरिनोचा तंतू साधारण वीस मायक्रॉनचा (मायक्रॉन म्हणजे मिलिमीटरचा हजारावा भाग), आणि आपला त्याहून कितीतरी जाड. म्हणून आपली लोकर अंगाला टोचते. पण तीच लोकर बसून बसून चेपत नाही आणि घासून लवकर झिजत नाही. अंगावर घालायला नव्हे, बसायला-अंथरायला करा, असं त्यांचं म्हणणं. आणि मुंबईत खपतंही तेच. इथल्या हवेत शाल कोण घेणार? पण देवासमोर बसायला आसन, योगासनांसाठी घोंगडी, खुर्चीवरची गादी, भिंतीवरचा पट्टा, हे लोक विचारून घेतात. खरी काळी लोकर पाहिली की म्हातारी माणसं हात फिरवत उभी राहतात. दादरच्या दुकानांत लोकर म्हणून जे रंगीत गुंडे मिळतात, त्यातले बहुतेक ॲक्रिलिकचे असतात. त्याचा एक धागा जाळला तर वितळून कडक गाठ होते. आपला धागा जाळला तर केस जळल्याचा वास येतो आणि बोटांत चुरून राख होते. मी गिऱ्हाइकासमोर हे करून दाखवते, मग भावावरून घासाघीस होत नाही.

आता आबा, तुमच्यासाठी कामाच्या गोष्टी.

मेंढ्यांच्या पाठीवर खुणेला तैलरंग लावू नका. तो धुऊन जात नाही, तेवढी लोकर कापून टाकावी लागते. कानात बिल्ला मारून घ्या. कातरणीच्या आधी विहिरीवर धुवायची आपली जुनी रीत परत सुरू करू. धुतल्यावर दोन दिवस कोरड्या, स्वच्छ जागेत ठेवायच्या आणि मगच कातर लावायची. कातरताना पाठीची आणि खांद्याची लोकर एका पोत्यात, मांडीची दुसऱ्यात. पोटाची आणि शेपटाकडची लेंड्या लागलेली लोकर फेकू नका, डाळिंबाच्या बुंध्याशी पसरा. ओल धरून ठेवते, हळूहळू कुजते आणि तिच्यातलं नत्र झाडाला मिळतं. कोकरांचं जावळ, म्हणजे पहिल्या कातरणीची लोकर, मात्र पूर्ण वेगळं ठेवायचं. जावळाच्या घोंगडीचा मऊपणा दुसऱ्या कशाला येत नाही, हे तुम्हीच मला शिकवलंय.

पोती प्लॅस्टिकची नकोत, सुताची किंवा तागाची घ्या. लोकर आपल्या वजनाच्या जवळजवळ तिसरा हिस्सा ओल पोटात घेते आणि तरी हाताला कोरडी लागते. इथं जुलै-ऑगस्टात मी हे रोज पाहते. मळकी लोकर ठेवली तर कसर, म्हणजे लोकर खाणारी कीड, लागायला वेळ लागत नाही. म्हणून आल्या आल्या मी ती रिठ्याच्या कोमट पाण्यात भिजवते आणि न चोळता वर काढते. गरम पाण्यात चोळली तर तंतू एकमेकांत गुंतून तिचं जेन, म्हणजे नमद्यासारखा घट्ट थर, होतं. मुद्दाम जेन करायचं तेव्हा ते चांगलंच, पण सूत काढायचं असेल तर लोकर वाया गेली.

चाऱ्यासाठी घरामागच्या दहा गुंठ्यांत शेवरी आणि लसूणघास लावू, बांधाला सुबाभूळ. कडब्याची कुट्टी करून द्यायची आणि सकाळी तासभर माळावर मोकळं सोडायचं. बांधून घातलेल्या जनावरांचे खूर वाढतात, ते वेळेवर छाटावे लागतील. पावसाळ्याआधी आंत्रविषाराची (आतड्यांच्या रोगाची) लस चुकवायची नाही, आणि पीपीआर या साथीच्या रोगाची लसही जनावरांच्या डॉक्टरांना विचारून घ्या. मेंढा दर दोन वर्षांनी बदला, नाहीतर एकाच रक्ताची कोकरं अशक्त निपजतील. फलटणच्या निंबकर संस्थेनं सुंदरबनातल्या गरोळ मेंढीचा जुळी देण्याचा गुण आपल्या दख्खनीत आणला, ती 'नारी सुवर्णा'. कळप लहान असला की जुळ्यांचा उपयोग आहे. पण दोन कोकरं पाजणाऱ्या मेंढीला खुराक जास्त लागतो, आणि तो देणं आपल्याला जमेल की नाही, हे तुमच्याइतकं मला कळत नाही. तो मेंढा आणायचा की आपलाच काळा ठेवायचा, हे तुम्ही ठरवा.

आई, आता तुझ्याशी. तुझ्या डोळ्यांना बारीक सूत दिसत नाही, म्हणून चरखा माळ्यावर ठेवलास असं वहिनी म्हणाली. अगं, इथं जाड सूतच लागतं. आमच्या भांडुपच्या चौघीजणी रविवारी माझ्याकडं बसतात. एक मालवणची, एक जुन्नरची. पिंजणं त्यांना जमतं, पिंजलेल्या लोकरीचे पेळूही बरे वळतात, पण सूत तुटतं. लोकर हातातून किती सोडायची आणि पीळ कधी थांबवायचा, ते मला सांगता येत नाही. माझ्या हाताला ते तुझ्याजवळ बसून आलंय. ते त्यांनी तुझ्या हातून बघायला हवं. कातरणी झाली की महिनाभर इथं ये. गॅलरीत उजेड चांगला आहे, दुपारी वाराही येतो. तुझं सूत मी वजनावर घेणार, बाजारात जे सूत मिळतं त्याहून जास्त भावानं. माझ्याकडून पैसे घ्यायला लाजायचं नाही.

विणायला गावातल्या सनगर काकांना विचारा. त्यांचा खड्डा माग अजून उभा आहे, पण ताण्याला चिंचोक्याची खळ द्यायला आता हाताखाली कोणी नाही, असं ते म्हणत होते. त्यांच्या नातवाला मजुरी देऊन मदतीला घेऊ. मुंबईला येणाऱ्या घोंगडीला खळ कमी द्यायला सांगा, इथल्या दमट हवेत खळीवर बुरशी धरते. गटातून अर्ज केला तर वांद्रे-कुर्ला संकुलात महालक्ष्मी सरस या बचत गटांच्या प्रदर्शनात जागा मिळू शकते. वहिनीच्या बचत गटाचे कागद तयार आहेत का, ते विचारून ठेवा.

आबा, पैशांपलीकडचं एक सांगते. तुम्ही पहाटे उठून वाड्यात गेला नाहीत, असा दिवस मला आठवत नाही. सगळा कळप गेला तर तुम्ही ओसरीवर बसून काय कराल, याची मला फार काळजी वाटते. दहा-बारा जितराबं गुडघ्यांना झेपतील आणि हाताला काम राहील. शिवाय या काळ्या मेंढ्या तुमच्या आजोबांच्या कळपातून आल्या आहेत. त्यांतली प्रत्येक कुणाची लेक, कुणाची नात, हे तुम्हाला तोंडपाठ आहे. गेल्या तर परत विकत मिळणार नाहीत. माडग्याळ कधीही मिळेल.

कुंपणाच्या जाळीचे पैसे दादाकडं पाठवले आहेत. व्यापाऱ्याचा विसार अजून घेतला नसेल तर थांबा. घेतला असेल तर काळ्या मेंढ्या वगळून सौदा करा, हवा तर भाव थोडा कमी होऊ दे. कुठल्या ठेवायच्या ते तुम्ही निवडा, फक्त कपाळावर पांढरा ठिपका असलेली राहू दे. मी दसऱ्याला दोन दिवस येते आहे. येताना रिठे आणि तागाची पोती आणीन. आईच्या चष्म्याचा नंबर काढून घ्या, इथून करून आणते.

तुमची लेक