सिस्टर, अंड्यांचा हिशोब राहिलाय

प्रिय सिस्टर,

सप्रेम नमस्कार.

हे पत्र आईला विचारून लिहितेय. आधी ती म्हणाली, "कशाला गं, झालं ते झालं." दोन दिवसांनी भाजी निवडता निवडता स्वतःच म्हणाली, "लिही. माझं नाव नको टाकू, रोगाचं टाक." म्हणून चारचौघांत पहिल्यांदाच लिहिते : आईला कुष्ठरोग झाला होता.

१९९५चा जून. मी आठवीत. अंगावरचे चट्टे तपासायला तुम्ही आमच्या रायगडातल्या शाळेत आला होतात. पांढुरकी सुती साडी, गळ्यात क्रूस, रबरी चपलांना शाळेच्या आवारातला लाल चिखल. रांगेत उभी राहून मी मैत्रिणीपुढे फुशारकी मारत होते, "माझी आय तापलेला तवा नुसत्या हातानं उचलते. चटकाच बसत नाय तिला." तुम्ही माझे हात आणि पाठ बघितलीत. काही नव्हतं. मग सहज विचारल्यासारखं विचारलंत, "घरी कोंबडी आहे का?"

दुसऱ्या दिवशी तुम्ही गावठी अंडी घ्यायला आलात. जीप पार देवळाजवळ ठेवून, चालत. ओटीवर बसून सहा अंडी मोजून घेताना आईचा हात हातात घेतलात, कोपरामागची शीर बोटांनी चाचपलीत. करंगळी जराशी आत वळायला लागली होती. आईला वाटायचं, भात कापून कापून. पाठीवर एक फिकट चट्टा होता. त्यावर तालुक्याच्या एका डॉक्टरनं वर्षभर गजकर्णाचं मलम लावायला दिलं होतं. आत माजघरात नेऊन तुम्ही म्हणालात, "डोळे मीट. कापूस लागेल तिथं बोट ठेव." मी दारात उभी होते. कापसाचा बोळा चट्ट्यावरून फिरत होता आणि आई डोळे मिटून वाट बघत होती, अजून का लावत नाहीत म्हणून.

त्या रात्री माझ्या फुशारकीची मला इतकी लाज वाटली की मी जेवले नाही. फुशारकी मारली नसती तर काय झालं असतं, हे कळायला बरीच वर्षं गेली.

आईची पहिली विनंती होती, ह्यांना सांगू नका. तिची भीती खुळी नव्हती. असाध्य कुष्ठरोग हे घटस्फोटाचं कारण म्हणून कायद्यातच होतं. ते गेलं २०१९ मध्ये. कुष्ठरोग्यांना वेगळं ठेवण्याचा १८९८चा इंग्रजांचा कायदा रद्द व्हायला २०१६ उजाडलं. तुम्ही मात्र सांगायचंच म्हणालात, फक्त थोडं थांबून. दोन महिन्यांनी तुम्हीच बाबांना दवाखान्यात बोलावलंत आणि समजावलंत : बहुतेकांच्या अंगात या जंतूला रोखायची ताकद असतेच, औषध सुरू झाल्यावर लागण व्हायची भीती लवकरच जाते, घरातलं ताट वेगळं करायचं नाही. बाबा गप्प घरी आले आणि आईच्या ताटातली अर्धी भाकरी मोडून घेतली. त्याच्या आधी वा नंतर त्यांनी असं कधी केल्याचं आठवत नाही.

मग दोन वर्षं, महिन्याला एक पाकीट. पहिल्या दिवसाच्या गोळ्या तुमच्यासमोर गिळायच्या, बाकीच्या रोज घरी. त्या पहिल्या गोळ्यांनी लघवी लाल व्हायची. "घाबरायचा नाही, औषध आहे ती," असं तुम्ही आधीच सांगून ठेवलं होतंत. दुसऱ्या गोळीनं आई काळवंडली. शेजारणींना ती 'कापणीचं ऊन' म्हणून सांगायची. तुमच्याकडे यायचं निमित्तही ठरलेलं : अंडी विकायला. दर खेपेला सहा. पैसे तुम्ही रोख मोजायचात, फुकट एकही घेतलं नाहीत. २४ पाकिटं, १४४ अंडी. ती तुम्ही खाल्लीत, की वसतिगृहातल्या पोरांना दिलीत?

आता तुमचा राग. एकदा लावणीच्या गडबडीत आईनं चार दिवस गोळ्या चुकवल्या, तेव्हा तुम्ही अशा ओरडलात की बाहेरच्या बाकावरचा म्हातारा उठून निघाला. पहाटेची प्रार्थना चुकली की आपली दिवसभर चिडचिड होते, हे तुम्हीच हसत कबूल केलंत. त्या दिवशी चुकली असावी.

आईनं तुम्हाला एकदा तोंडावर विचारलं होतं, "शिष्टरबाई, आमाला बाटवणार का हो?" तुम्ही म्हणालात, "आधी पायाचा बघू." ते 'आधी' कधी संपलंच नाही. तुम्ही जपमाळेत आईचं नाव घ्यायचात, आई गावदेवीला नारळ देताना तुमचं. दोघींनी एकमेकींना सांगून टाकलं होतं.

मागे एका मैत्रिणीबरोबर वसईला पवित्र गुरुवारी चर्चमध्ये गेले होते. धर्मगुरू बारा जणांचे पाय धूत होते. तुमची आठवण येणारच. पण लगेच लक्षात आलं, तुम्ही आईचे पाय एकदाही धुतले नाहीत! घमेल्यात पाणी तुम्ही ओतायचात. वीस मिनिटं भिजवणं, घट्टा दगडानं घासणं, ओल्या पायावर तेल चोळणं, सगळं तिच्याकडून करून घ्यायचात. "मी बदली झाली की कोण धुणार?" बधिर पायात काटा मोडला तरी कळत नाही, म्हणून रोज रात्री तळवा डोळ्यांनी बघायचा, हे तुम्ही तिच्या डोक्यात घातलंत. कुष्ठरोग्यांसाठीच्या मऊ रबराच्या त्या खास चपला लोक लांबून ओळखायचे. तुम्ही चांभाराकडून तेच रबर साध्या सँडलमध्ये बसवून आणलंत. आईच्या पायाला आजवर जखम चिघळलेली नाही. करंगळी वाकडी राहिली, तेवढीच.

२००३ मध्ये तुमची बदली झाली. आम्हाला कळलं तोवर एका पिशवीनिशी तुम्ही गेलाही होतात. २००५अखेर देशपातळीवर कुष्ठरोगाचं निर्मूलन झाल्याचं जाहीर झालं, म्हणजे दहा हजारांत एकाहून कमी रुग्ण, तेव्हा पेढे घेऊन जायला पत्ता नव्हता. (जगातले निम्म्याहून जास्त नवे रुग्ण आजही भारतातच सापडतात, पेढे जरा घाईचेच झाले असते.) २०१७ मध्ये कराचीच्या सिस्टर डॉक्टर रुथ फाऊ गेल्याची बातमी वाचली. त्या निघाल्या होत्या भारतात यायला, १९६० साली व्हिसाच्या घोळानं कराचीत अडकल्या आणि कुष्ठरोग्यांसाठी तिथंच राहिल्या. पाकिस्ताननं त्यांना शासकीय इतमामात निरोप दिला. तुम्हाला असला गाजावाजा चाललाच नसता, पण ती बातमी मी आईला मोठ्यानं वाचून दाखवली. ती म्हणाली, "आपल्या शिष्टरला शोध."

शोधलं. तुम्ही केरळात, तुमच्या संस्थेच्या वृद्ध सिस्टरांच्या घरी आहात, असं कळलं. या पत्राची एक प्रत तिथं पाठवतेय. मराठी वाचून दाखवायला कुणी नसेल तर फोन करा, मी वाचते.

आईनं कोंबड्या कमी केल्यात, आता दोनच आहेत. रात्री जेवण झालं की ती ओटीवर हातातला आरसा तळव्याखाली धरते, मी मोबाईलचा उजेड पाडते. मी तुमच्या मराठीत विचारते, "पाय बघितली का?"

"बघितली," आई म्हणते. "शिष्टरला कळव."

तुमची,
आठवीतली फुशारकीवाली